फुटाला एक इंच

१२ फेब्रुवारी

वर तुला काय म्हणून लिहावं यातच दोन कागद फुकट गेले, तेव्हा मायना राहू दे. सरळ मजकुरालाच हात घालते.

फोन सोडून पत्र का, असं तुला वाटेल. आपल्या फोनचं काय होतं ते तुलाही ठाऊक आहे. मी 'बरी आहेस ना' म्हणते, तू 'हो' म्हणतेस, आणि तेवढ्यात तुमच्या दाराची बेल वाजते. दर वेळी वाजते. फारच माणसं येतात बाई तुमच्याकडे. पत्र वाचताना बेल वाजली तरी पत्र कुठे जात नाही, म्हणून पत्र.

कामाचं असं की परवा भिंगरीने फोनवर मला विचारलं, "आजी, आपलं घर झालं का गं?" मला आधी कळेचना कुठलं घर. मग म्हणाली, "बाबा करत होता ते. बाहुल्यांचं." आता आठ वर्षांची होईल ती. बाप गेला तेव्हा पाच वर्षांची होती, आणि तिला ते आठवतंय. मला वाटलं होतं विसरली असेल. फोन ठेवला आणि स्टूल लावून माळ्यावर चढले. गुडघ्यांचं विचारू नकोस.

त्याने ठेवलं होतं तसंच आहे, जुन्या चादरीत गुंडाळलेलं. तुला आठवत असेल, आपल्याच घराची मापं घेऊन त्याने ते बेतलं होतं, फुटाला एक इंच या हिशोबाने. दिवसभर ऑफिसात लोकांच्या घरांचे नकाशे काढायचा आणि घरी येऊन आपलं घर प्लायवूडमधून कापत बसायचा. तू ओरडायचीस, भुसा आवरायला कोण येणार म्हणून. भिंती उभ्या आहेत, खिडक्या कापलेल्या आहेत, समोरची बाजू उघडी आहे. हॉल, स्वयंपाकघर, तुमची खोली, आणि टोकाला भिंगरीची. पण सगळं कोरं. भिंतीला कागद नाही, खाली फरशी नाही, नुसतं लाकूड. तेवढ्याला त्याला वेळ मिळाला नाही.

ते आता मी करणार. त्याचा प्रिंटर घरात आहे, माझ्याकडे वेळ आहे, आणि शिवणकाम सोडलं तरी हात अजून थरथरत नाहीत. मोठ्या सुट्टीपर्यंत होईल. तर भिंगरीला सुट्टीत इकडे पाठव. सगळी सुट्टी नाही तर अर्धी. मागच्या वर्षी आली होती तशीच. घर तिच्या हातात मला इथेच द्यायचं आहे, पार्सलने पाठवण्यासारखी वस्तू नाही ती. आणि मी घेऊन तिकडे यावं असं सुचवू नकोस. तुझ्या त्या दातांच्या डॉक्टरांच्या घरात मी पाऊल ठेवणार नाही, हे तुला माहीत आहे. त्यांना माहीत नसेल तर उत्तम.

कळव.

भिंगरीची आजी


२ मार्च

तुझं उत्तर मिळालं. 'सुट्टीचं बघू.' तुझं 'बघू' मी या घरात इतकी वर्षं ऐकलंय. ज्याला ज्याला तू 'बघू' म्हणालीस ते ते झालेलं मला तरी आठवत नाही. तरी मी त्याचा अर्थ 'हो' असा घेतला आणि कामाला लागले.

प्रिंटर टेबलाखाली कापड घालून ठेवला होता. सुरू केला तर आधी नुसता कण्हला, मग एक कोरा कागद बाहेर टाकून गप्प बसला. मी हात टेकले आणि पलीकडच्या घरातल्या फोटोवाल्यांना हाक मारली. स्टुडिओ बंद केल्यापासून त्यांना कामासाठी कोणी बोलावत नाही, त्यामुळे चप्पल घालायचंही भान राहिलं नाही, तसेच आले. प्रिंटर उघडून म्हणाले, "वहिनी, शाई वाळून दगड झालीय. चालवत का नव्हता?" म्हटलं, "चालवणाराच नाही." संध्याकाळी शाईच्या नव्या डब्या घेऊन आले.

स्वयंपाकघराची काळी-पांढरी फरशी आधी घेतली. फोटोवाले स्टुलावर उभे राहून बरोबर वरून फोटो काढत होते आणि सवयीने म्हणून गेले, "इकडे बघा, जरा हसा." फरशीला! मी हसले. बऱ्याच दिवसांनी हसले, खरं सांगते.

काम दिसतं तितकं सोपं नाही. फोटो कॉम्प्युटरवर घ्यायचा, फुटाला इंच इतका लहान करायचा आणि जाड कागदावर छापायचा. पहिल्यांदा छापला तेव्हा प्रिंटरने स्वतःचं डोकं चालवून फरशी कागदात बसावी म्हणून आणखी थोडी लहान करून टाकली. फरशा सगळ्या बिचाऱ्या सरळ रांगेत, पण भिंतीपाशी पोचल्याच नाहीत. ओट्याखाली लाकडाची पट्टी उघडी पडली. फोटोवाले म्हणाले, "मशीनला वाटतं आपल्यालाच काय ती अक्कल." आता छापून झालं की आधी पट्टी लावून बघतो, मगच कात्री.

दुसरी चूक माझी. हॉलचा निळा कागद लावायला मी कणकेची खळ शिजवली. जन्मभर भिंगरीच्या बापाच्या वह्यांना कव्हरं मी खळीनेच चिकटवली. कागद लावला, पाठ वळवली, आणि बघते तो शाई फुटून भिंतभर काळेनिळे डाग. भिंतीला कोणी बडवून काढलंय असं दिसत होतं. घरच्या प्रिंटरच्या शाईला पाणी सोसत नाही म्हणे. आधी वरून पारदर्शक स्प्रे मारायचा, तो वाळू द्यायचा, आणि खळ नाही तर घट्ट गोंद, तोही अगदी पातळ पसरून. ओला होता म्हणून तो कागद निघाला तरी.

फोटोवाल्यांनी एक युक्ती सांगितली. "वहिनी, कागद भिंतीला चिकटवूच नका. पुठ्ठ्यावर चिकटवा आणि तो पुठ्ठा भिंतीला टेकवून उभा करा. उद्या बदलायचा झाला तर पुठ्ठा काढला की झालं."

"बदलायचं काय आहे त्यात?" मी म्हटलं. "आपलं घर आहे. ते असंच होतं."

"पोरांचं काही सांगता येत नाही हो."

मी गोंदाची बाटली उघडली आणि कागद थेट भिंतीला लावला. चारी कोपरे बोटांनी दाबून बसवले. आता काही केल्या निघायचा नाही.

तारीख ठरली की लिही.

आजी


२० मार्च

झालं! फोटो सोबत पाठवते आहे. फोटोवाल्यांनी काढलेत, त्यामुळे घराहून फोटोच चांगले आलेत असं त्यांचं म्हणणं.

नीट बघ. हॉलमध्ये खिडकीखाली भिंतीचा पोपडा निघाला होता, तोही छापलाय. ते म्हणत होते कॉम्प्युटरवर पुसून देतो, मी म्हटलं खबरदार. तुमच्या खोलीत खिडकीजवळची फरशी उन्हाने फिकी झाली होती, ती तशीच फिकी आहे. भिंतीवर कॅलेंडर आहे, नखाएवढं, पण भिंग लावलंस तर वाचता येईल. त्या वर्षीचंच आहे. तो असतानाचं.

भिंगरीच्या खोलीचा रंग खरं म्हणजे साधा पिवळा, पण तिथे मी थोडी सूट घेतली. ती तीन वर्षांची असताना मी शिवलेला बदकांचा फ्रॉक माझ्या पेटीत होता. तोच प्रिंटरच्या काचेवर पसरला आणि छापला. पहिल्या वेळी एकेक बदक कपाटाएवढं आलं, दारातून आत शिरलं नसतं. लहान करत करत आणलं तेव्हा कुठे भिंतभर बदकं पोहायला लागली. तिला दाखव आणि ती काय म्हणते ते मला शब्दाला शब्द कळव.

तिच्या खोलीच्या दाराची चौकटही केली. खऱ्या चौकटीवर त्याने पेन्सिलीने तिची उंची मांडलेली आहे ना, त्या खुणांसकट. तो गेल्यावर आपण कोणीच खूण केली नाही. या चौकटीवरून आठवलं, तुम्ही सामान न्यायला आला होतात त्या दिवशी तुझे डॉक्टर हिलाच टेप लावून काहीतरी मोजत होते. खिशातल्या कागदावर लिहूनही घेत होते. मला वाटलं कपाट दारातून निघतंय का बघतायत. कपाट तर तुम्ही नेलंच नाही. दुसऱ्याच्या घरात टेप घेऊन फिरायचं, ही काय रीत झाली? तेव्हा बोलले नाही, आज बोलते.

तिचा पलंग उन्हात टाकून आणलाय. गाडी कळव, मी स्टेशनवर उभी असेन.

आजी


२९ मार्च

म्हणजे नाहीच पाठवणार.

भिंगरीने फोटो पाहिले, खूश झाली, आणि मग विचारलं, "हे आजीचं घर आहे. आमचं कुठाय?" हे तू मला लिहिलंस. शब्दाला शब्द कळव म्हणाले होते, कळवलंस. तुझ्यासारखी आज्ञाधारक तूच.

आणि त्याखालचं ते सगळं. मागच्या सुट्टीत मी तिला काय म्हणाले, तिकडे परत आल्यावर ती कशी वागली, यंदा तिला पुन्हा त्यातून न्यायचं नाही, वगैरे. अर्धं वाचूनच माझ्या अंगाची लाही झाली. आजीने नातीला 'तुझं घर हे' म्हणायचं नाही? मग कोणी म्हणायचं? ज्याने म्हणायचं तो राहिला नाही. तू दुसरं घर केलंस, मी अडवलं नाही. लग्नाला आले नाही, एवढंच. गुडघे दुखतायत असं कळवलं होतं. गुडघे त्या दिवशी ठणठणीत होते, आणि हे तुला तेव्हाही कळलं असणार.

राहू दे तिला तिकडेच. घर पुन्हा चादरीत गुंडाळून ठेवते. या पत्राला उत्तर नको.


९ एप्रिल

उत्तर नको म्हटलं तर खरंच पाठवलं नाहीस. हा हेकटपणा तू माहेरून आणलेला नाहीस, तो माझ्याकडूनच उचललास.

काल तुझं पत्र पुन्हा काढलं. रागाच्या भरात अर्धंच वाचलं होतं. या वेळी शेवटपर्यंत वाचलं.

मागच्या सुट्टीनंतर भिंगरीने आपले कपडे कपाटात लावलेच नाहीत. महिनाभर बॅगेतूनच काढायची आणि बॅगेतच घडी करून ठेवायची. फ्रिज उघडायच्या आधी "मी उघडू का?" विचारायची. तू कारण विचारलंस तेव्हा म्हणाली, "पाहुण्यांनी विचारायचं असतं. आजी म्हणते, तिथे मी पाहुणी आहे."

मी हेच म्हणाले होते. गाडीत बसवताना म्हणाले होते. तिला इकडची ओढ राहावी एवढंच माझ्या मनात होतं. तिला तिकडे परकं करायचं नव्हतं गं. पण पोरीने आजीचं ऐकलं, नीट ऐकलं, आणि कपडे बॅगेत ठेवले. ती बॅग मीच भरून दिली होती. पलंगाखाली ठेवलेली ती बॅग काही केल्या डोळ्यांपुढून हलत नाही. हे तू मला तेव्हाच का नाही सांगितलंस? सांगणार होतीस बहुतेक, आणि मीच फोन आपटला असणार.

मग मी काय केलं ते सांगते, हसू नकोस. चादर सोडून घर बाहेर काढलं आणि भिंगरीच्या खोलीतली बदकं खरवडायला बसले. तिची खोली नाही तर नाही, निदान कोरी तरी करून द्यावी. पण मी गोंद लावला होता, आणि कसा लावला होता ते तुला लिहिलंच आहे. ओलं फडकं झालं, सुरी झाली. बदकं निघेनात आणि बाहेरच्या बाजूच्या भिंतीचं लाकूडच ढलप्या होऊन निघालं. माझ्या मुलाने कापलेली भिंत मी माझ्या हाताने उकरली.

फोटोवाले आले. 'मी सांगत होतो' म्हणाले नाहीत, हे त्यांचं मोठेपण. खड्ड्यावरून बोट फिरवून म्हणाले, "वहिनी, हे आता कुठल्या कागदाखाली लपायचं नाही."

"मग?"

"मग आरपार कापायचं. दार करा इथे."

"इथे दार नाहीये. पलीकडे घर संपतं."

"पलीकडे काय आहे?"

पलीकडे टेबल होतं. अर्धं टेबल रिकामं होतं.

तर मला तुमच्या घराचे फोटो हवेत. सगळ्या खोल्यांचे, भिंतींचे आणि फरशीचे. भिंतीसमोर सरळ उभं राहून काढायचे, तिरके नाही. दिवसाउजेडी, फ्लॅश मारायचा नाही, फ्लॅशने रंग मरतात. प्रत्येक फोटोत एखादी पट्टी धरायची, म्हणजे किती लहान करायचं ते कळतं. भिंगरीची खोली आधी. तिला विचारून काय काय घ्यायचं ते घे.

तिला पाठव म्हणून मी आता म्हणत नाही. फोटो त्याशिवायच मागते आहे.

आजी


२१ एप्रिल

पाकीट आलं. एवढं जाड की पोस्टमनने मला खिडकीतून नाही, दारात बोलावून दिलं.

हे फोटो तू काढलेले नाहीत हे मी पहिल्याच फोटोला ओळखलं. तू काढले असतेस तर निम्म्यांत तुझं बोट असतं. यांत बोट आहे, पण ते पट्टी धरलेलं, आणि नख असं कापलेलं की बघत राहावं. हॉलच्या चारही भिंती, फरशीचा कोपरा, दिव्याचं बटण, पडद्याचं कापड जवळून. मागे खोल्यांची लांबी-रुंदी लिहिलेली. फोटोवाले म्हणाले, "हा माणूस दात काढतानाही आधी फोटो काढत असणार." त्यांना फार कौतुक. मी 'हं' म्हटलं.

भिंगरीची खोली हिरवी आहे तर. मला हिरवा रंग तिला आवडतो हे माहीतच नव्हतं. कपाटाचं दार उघडं ठेवून फोटो घेतलाय आणि आत कपडे लावलेले दिसतात. हा फोटो मुद्दाम काढलाय का? तू सांगितलंस काढायला? कोणीही सांगितलं असो, तो मी छापणार नाही, माझ्या उशाशी ठेवणार आहे.

आता खरी गोष्ट. त्या खोलीच्या दाराचा एक फोटो होता, चौकटीचा, खालपासून वरपर्यंत. मला वाटलं लाकडाचा रंग कळावा म्हणून घेतला असेल. फोटोवाल्यांनी तो कॉम्प्युटरवर मोठा केला तेव्हा पेन्सिलीच्या खुणा दिसल्या. वरच्या खुणा कळण्यासारख्या, तिकडे आल्यापासूनच्या. पण त्यांच्या खाली बरीच जागा कोरी, आणि त्याखाली पुन्हा खुणा, पार खाली गुडघ्याच्या वरपर्यंत. एवढीशी होती तेव्हा डॉक्टरांनी तिला पाहिलंही नव्हतं. सगळ्यांत खालच्या खुणेपाशी बारीक अक्षरात लिहिलंय, 'धरून उभी राहिली. बाबाने धरलं.'

हे शब्द माझ्या मुलाचे आहेत. माझ्या दाराच्या चौकटीवर त्याच्या अक्षरात आहेत. तिकडे ते दुसऱ्याच्या अक्षरात आहेत, पण शब्द तेच, आणि 'बाबा'ही तोच.

मी शिवणाची टेप आणली आणि आपल्या चौकटीवरच्या खुणा मोजल्या. फोटोवाले पट्टीवरून तुमच्याकडच्या मोजत होते. एक आकडा मी म्हणायची, एक ते म्हणायचे. सूतभरही फरक नाही. आणि मधली कोरी जागा, तो गेल्यानंतरची, जेव्हा आपण दोघींनी त्या चौकटीकडे बघितलंही नाही, ती डॉक्टरांनी कोरीच ठेवलीय. भरून काढायचा प्रयत्न केलेला नाही.

तो माणूस कपाट मोजत नव्हता गं.

मी रडले. लपवायचं काय त्यात. फोटोवाले चष्मा पुसायला म्हणून अंगणात गेले. चष्मा त्यांना इथेही पुसता आला असता.

दीड वर्ष मी या माणसाला पाण्यात पाहिलं, आणि त्याने माझ्या मुलाच्या हातच्या खुणा टेप लावून, खिशात घालून नेल्या आणि आपल्या घरात जपून मांडल्या. तू मला सांगितलं नाहीस. त्यांनीही नाही. बरंच केलंत. सांगितलं असतंत तर मी विश्वास ठेवला नसता, कपाटाचंच धरून बसले असते.

आज एवढंच. हात कामाला लागायला हवेत.

आजी


६ मे

चि. सौ. सूनबाईस,

मायना जमला बघ. तू माझी सून, आणि सौ. दुसऱ्या घरची. हे दोन शब्द एका ओळीत बसत नाहीत म्हणून मी पहिल्या पत्रात दोन कागद फाडले होते. आज लिहून पाहिले, तर बसले.

घर झालं. म्हणजे घरं झाली. डॉक्टरांनी लिहिलेल्या मापांवरून सुताराने प्लायवूड कापून दिलं, बाकी सगळं आमचं. तुमची फरशी ठिपक्याठिपक्यांची, ती छापताना शाईच्या दोन डब्या संपल्या. हिरवी भिंत तर प्रिंटर काही केल्या तशी काढीना, कधी पालक कधी पोपट. शेवटी फोटोवाल्यांनी डॉक्टरांनाच फोन लावला, आणि दोघं जण हिरव्या रंगावर इतका वेळ बोलत बसले की माझा चहा गार झाला. बोलून झाल्यावर फोटोवाल्यांनी फोन माझ्याकडे दिला. मी विचारलं, "जेवलात का?" ते म्हणाले, "हो. तुम्ही?" मी म्हटलं, "जेवायचं आहे." झालं एवढंच. पण त्यांच्याकडे बेल वाजली नाही.

तुमच्या घरातले कागद मी पुठ्ठ्यांवर लावलेत. भिंगरी मोठी होईल, तिला हिरवा नको होईल, तेव्हा पुठ्ठा काढायचा आणि दुसरा बसवायचा. आपलं जुनं घर मात्र गोंदाने घट्ट आहे, तिथलं कॅलेंडरही आहे तेच राहील. एका घरात तरी ते राहू दे.

बदकांच्या खोलीतली उकरलेली भिंत आरपार कापली. तिथे डॉक्टरांच्या फोटोतली ती चौकट छापून बसवली आहे, खुणांसकट, खालच्या, मधली कोरी जागा, आणि वरच्या. ही एकच चौकट दोन्ही घरांना आहे. बदकांच्या खोलीतून पाऊल टाकलं की हिरव्या खोलीत. माझ्या मुलाने पाहिलं असतं तर पट्टी घेऊन आला असता आणि म्हणाला असता, "आई, नकाशात इथे दार नाहीये." आता आहे.

भिंगरीला पाठवू नकोस. मीच येते. दोन खोकी होतील, फोटोवाले स्टेशनपर्यंत येणार आहेत आणि गाडी सुटेपर्यंत मला सूचना देत राहणार आहेत. शनिवारी सकाळच्या गाडीने निघते, दुपारी पोचेन. डॉक्टरांना स्टेशनवर यायला सांग. त्यांना काय हाक मारायची ते अजून मला ठरवता आलेलं नाही, तोवर 'अहो' म्हणेन, चालवून घ्या म्हणावं. खोकी आडवी धरायची नाहीत हेही सांग. नाही, त्यांना हे सांगायची गरज नाही. तुला आहे.

गुडघे बरे आहेत. या वेळी खरोखर.

सुट्टी संपेपर्यंत राहीन म्हणते. आणि भिंगरीला विचारून ठेव, तिच्या कपाटातला एक कप्पा ती आजीला देईल का. खालचा असला तरी चालेल. मी काही बॅगेत कपडे ठेवणार नाही.

तुझी,
आई